गुदाशयाच्या कर्करोगाचा एमआरआय जलद हवा, तोकडा नको: खान्देशातील एमआरआय केंद्रांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील एमआरआय केंद्रांचे संचालक, तेथील रेडिओलॉजिस्ट सहकारी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता यांस

सप्रेम नमस्कार.

गुदाशयाच्या कर्करोगाचा एमआरआय पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी वेळात करता येईल अशी तंत्रे आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत. नवे यंत्र घेताना किंवा जुन्याचे सॉफ्टवेअर बदलताना कंपनीचा माणूस आपल्यालाही ‘निम्म्या वेळात स्कॅन’ असे सांगतो, आणि दिवसाला किती रुग्ण वाढतील याचा हिशेब आपण लगेच मनात मांडतो. तो हिशेब मांडूच नये असे मी म्हणत नाही. यंत्राच्या कर्जाचे हप्ते काय असतात हे या पेशातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु या एका आजाराच्या बाबतीत वाचलेली मिनिटे कुठे खर्च करायची हा निव्वळ व्यवसायाचा निर्णय नाही, आणि तो आपण फारसा विचार न करता घेऊन टाकू अशी भीती वाटते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माझे मागणे एवढेच आहे की वाचलेल्या वेळातला पहिला वाटा गुदाशयाची तपासणी पूर्ण आणि नेमकी करण्यासाठी राखून ठेवावा. उरलेला वेळ खुशाल कंबरेच्या आणि गुडघ्याच्या रुग्णांना द्यावा.

हा रुग्ण मुळात आपल्यापर्यंत उशिरा पोचतो. शौचावाटे रक्त पडले की घरातल्या घरात मूळव्याधीचे निदान होते. मग मेडिकलमधून आणलेले मलम, मग ‘मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन इलाज’ अशा पाटीखालचा दवाखाना, आणि त्यात काही महिने निघून जातात. पुढे केव्हातरी एखादा सर्जन बोटाने तपासतो, दुर्बिणीची तपासणी होते, तुकडा तपासला जातो आणि कर्करोग निश्चित होतो. त्यानंतर आपल्याकडे एमआरआय होतो, आणि प्लेटा व रिपोर्ट घेऊन रुग्ण भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला, नाहीतर नाशिकला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, आणि नंदुरबार-नवापूरकडचा असला तर सुरतेला जातो. तिथे पहिल्याच भेटीत पुष्कळांना सांगितले जाते की हा एमआरआय पुन्हा काढावा लागेल. उपचारांच्या मधल्या सुट्टीत गावी परतलेल्या अशा रुग्णांच्या पिशवीत काही आठवड्यांच्या अंतराने काढलेले दोन एमआरआय मी अनेकदा पाहिले आहेत. दोन्ही शेजारी-शेजारी लावले की दुसरा का काढावा लागला हे कुणी सांगण्याची गरज उरत नाही.

पहिल्या एमआरआयमध्ये बहुधा संपूर्ण ओटीपोटाचे पाच मिलिमीटर जाडीचे सरळ आडवे छेद असतात, चरबीचा सिग्नल दाबून काढलेला एक सिक्वेन्स (ठरावीक पद्धतीने घेतलेला चित्रांचा एक संच) असतो, शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध दिलेले असते, आणि रिपोर्टात ‘गुदाशयाची भिंत जाड झालेली असून कर्करोगाची शक्यता वाटते, बायोप्सीशी ताडून पाहावे’ असे वाक्य असते. बायोप्सी तर आधीच झालेली असते. सर्जनला आणि रेडिओथेरपीच्या डॉक्टरला हवे असते ते निराळेच. गुदाशयाभोवती चरबीचे जाड वेष्टन असते आणि त्या वेष्टनाच्या बाहेर मेसोरेक्टल फॅशिया नावाचा एक पातळ पडदा असतो. इंग्लंडमधील सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेली टोटल मेसोरेक्टल एक्सिजन ही शस्त्रक्रिया म्हणजे याच पडद्याच्या कडेने जाऊन ते सगळे वेष्टन अखंड काढून घेणे. त्यानंतर १९८६ मध्ये लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क यांनी काढलेल्या भागाचे आडवे छेद घेऊन दाखवून दिले की बाजूच्या कडेपर्यंत गाठ पोचलेली असेल, तर कर्करोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचा धोका फार मोठा असतो. म्हणून गाठ आणि पडदा यांच्यामध्ये किती अंतर शिल्लक आहे हा या तपासणीतला सगळ्यात मोलाचा आकडा ठरतो. ते अंतर एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कड धोक्यात आहे असे समजतात, आणि मग थेट ऑपरेशन न करता आधी रेडिओथेरपी व केमोथेरपीचा विचार होतो.

एमआरआय हे काम करू शकतो याविषयी आता शंका घेण्यासारखी स्थिती राहिलेली नाही. युरोपातील ११ केंद्रांनी मिळून केलेल्या मर्क्युरी अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील ४०८ रुग्णांपैकी ज्या ३५४ जणांत शस्त्रक्रियेनंतर कड खरोखरच मोकळी निघाली, त्यांपैकी ३२७ जणांत, म्हणजे ९२ टक्क्यांत, एमआरआयने ते आधीच बरोबर सांगितले होते. मात्र त्या सर्व केंद्रांत एमआरआय एकाच ठरलेल्या पद्धतीने काढला जात होता. छेदाची जाडी तीन मिलिमीटर, चित्राच्या प्रतलातली बारकाई सुमारे ०.६ मिलिमीटर, आणि आडवे छेद गाठीच्या जागी गुदाशयाच्या अक्षाला बरोबर काटकोनात. ही शेवटची अट सर्वांत जास्त वेळा मोडली जाते. गुदाशय माकडहाडाच्या वळणाबरोबर वळलेला असतो. टेबलाशी सरळ धरलेला छेद त्यातून तिरपा जातो, स्नायूचा थर पुसट होतो, आणि स्नायूपुरती मर्यादित असलेली गाठ चरबीत घुसल्यासारखी दिसते. अशा रुग्णाला गरज नसलेली रेडिओथेरपी मिळू शकते. उलटही घडते: पाच मिलिमीटरच्या छेदात एक मिलिमीटरचे अंतर भरवशाने मोजता येत नाही, आणि धोक्यात असलेली कड मोकळी समजली जाते.

आपल्याकडे असा एमआरआय निघत नाही त्याचे मूळ मी आळसात शोधत नाही. ते एका साध्या हिशेबात आहे. एमआरआयमध्ये चित्राच्या प्रत्येक ठोकळ्यातून मिळणारा सिग्नल त्या ठोकळ्याच्या आकारमानाच्या प्रमाणात असतो, आणि वेळ वाढवला तर गोंगाटाच्या, म्हणजे चित्र दाणेदार करणाऱ्या निरर्थक सिग्नलच्या, तुलनेत तो वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुधारतो. एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर जाडी असा ठोकळा पाच घन मिलिमीटरचा होतो, ०.६ बाय ०.६ बाय तीनचा ठोकळा जेमतेम १.०८ घन मिलिमीटरचा. सिग्नल साडेचार पटींहून अधिक घटला. बाकी काहीही न बदलता पूर्वीइतकेच स्वच्छ चित्र हवे असेल तर वीस पटींहून अधिक वेळ द्यावा लागेल. इतका वेळ अर्थातच कुणी देत नाही. थोडा गोंगाट पत्करून, सिग्नल टिपणारी चांगली कॉइल वापरून आणि प्रत्येक सिक्वेन्सला चार ते सहा मिनिटे देऊन तडजोड केली जाते. तरीही रुग्णाला टेबलावर घेण्यापासून उतरवण्यापर्यंत तीस-चाळीस मिनिटे सहज जातात. तेवढ्यात कंबरेचे दोन एमआरआय होतात. दोन रुग्णांची जागा अडवणाऱ्या या तपासणीचे पैसे मात्र ओटीपोटाच्या एका साध्या एमआरआयचे, म्हणजे एका पेल्व्हिसचे, मिळतात. म्हणून ‘रेक्टल प्रोटोकॉल’ (गुदाशयासाठीची ठरीव पद्धत) हे शब्द यंत्राच्या यादीत असतात आणि टेक्निशियन नेहमीच्या पेल्व्हिसवर बोट ठेवतो.

वेग वाढवण्याच्या तंत्रांचे खरे महत्त्व या ठिकाणी आहे. परंतु नव्या तंत्राआधी जुनी यादी तपासू या, कारण सगळ्यात स्वस्त मिनिटे तिथे सापडतात. युरोपातील पोटाच्या रेडिओलॉजिस्टांच्या एसगार या संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये एकत्र बसून या तपासणीविषयीच्या शिफारशी ठरवल्या आणि २०१६ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. नेहमीच्या वापरासाठी गॅडोलिनियमची शिफारस त्यात नाही. ते वगळले तर इंजेक्शनआधीचे व नंतरचे सिक्वेन्स जातात, मूत्रपिंडांसाठीच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट पाहणे जाते, औषधाचा खर्च जातो, आणि रोगाची पायरी ठरवण्यात सहसा काहीच उणे पडत नाही. टी-टू नावाच्या सिक्वेन्सचा चरबी दाबलेला प्रकारही इथे उपयोगाचा नाही, कारण टी-टूमध्ये पांढऱ्या चरबीच्या पार्श्वभूमीवर करडी गाठ आणि पडद्याची काळी रेघ उठून दिसते. ती पार्श्वभूमीच काळी केली तर पाहायचे काय? यकृत आणि फुप्फुसे सीटीत पाहिली जातातच. उरतात ते उभा मधला टी-टू, गाठीला काटकोनात घेतलेला बारीक आडवा टी-टू, गाठ खाली असेल तर गुदमार्गाला समांतर कोरोनल (समोरून पाहिल्यासारखा) टी-टू, आणि डिफ्यूजन, म्हणजे ऊतीतल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा सिक्वेन्स. एवढ्या चार गोष्टी नीट काढल्या तर कोणतेही नवे सॉफ्टवेअर विकत न घेता तपासणी पंचवीस मिनिटांच्या आसपास आणता येते.

आता तंत्रांकडे येतो. आपल्यापैकी बहुतेकांना ती माहीत आहेत. पण गुदाशयाच्या बाबतीत प्रत्येकाचा उपयोग सारखा नाही, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात हा फरक लिहिलेला नसतो.

एमआरआयचे यंत्र थेट चित्र काढत नाही. ते के-स्पेस नावाच्या तक्त्यातल्या रेषा एकामागून एक मोजते आणि त्यातून चित्र तयार करते. हेनिग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने रेडिओलहरीच्या एकाच उद्दीपनात अनेक रेषा मोजता येऊ लागल्या. आज आपण टर्बो किंवा फास्ट स्पिन एको म्हणतो तो टी-टू हाच. पुढची पायरी म्हणजे मधल्या रेषा मोजायच्याच नाहीत आणि त्यांची उणीव वेगवेगळ्या कॉइलना वेगवेगळ्या जागेवरून मिळणाऱ्या सिग्नलच्या आधारे भरून काढायची. १९९९ चे सेन्स आणि २००२ चे ग्रॅपा ही तंत्रे आपल्या जवळजवळ सर्व यंत्रांवर आहेत. त्यांची किंमत अशी की वेळ निम्मा केला तर सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर किमान सुमारे तीस टक्क्यांनी घसरते, आणि कॉइलच्या रचनेमुळे त्यात आणखी जी भर पडते ती साधारणपणे शरीराच्या मध्यभागी सर्वांत जास्त असते. गुदाशय नेमका तिथे, सगळ्या कॉइलपासून दूर बसलेला आहे. म्हणून वेग दुपटीच्या पुढे नेला की नितंबाचे स्नायू सुरेख दिसतात आणि जिथे पाहायचे तिथे चित्र दाणेदार होते. या तपासणीपुरता दुपटीचा वेग ही मी व्यवहारातली मर्यादा मानतो.

कॉम्प्रेस्ड सेन्सिंग २००७ मध्ये लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांच्या लेखाने एमआरआयमध्ये रूढ झाले. त्यात रेषा विस्कळीतपणे वगळतात आणि चित्रातली अनावश्यक पुनरुक्ती ओळखून उरलेले गणिताने भरतात. त्याचा मोठा लाभ त्रिमितीय सिक्वेन्समध्ये होतो. त्रिमितीय टी-टूचे आकर्षण आपल्या भागात अधिक आहे, कारण एकदा सगळा ठोकळा घेतला की हवा तो कोन नंतर काढता येतो आणि रात्रपाळीच्या टेक्निशियनने कोन चुकवला तरी निभावते. अडचण अशी की संपूर्ण ठोकळा एकाच प्रदीर्घ मोजणीत तयार होतो, त्यामुळे मध्येच आतडे हलले किंवा रुग्णाने खोकला काढला तर एखाद-दुसरा छेद खराब होऊन भागत नाही, सगळाच ठोकळा बिघडतो. त्याला मी जोडीला ठेवीन. काटकोनात घेतलेल्या द्विमितीय छेदांची जागा त्याला देणार नाही.

एकाच वेळी दोन छेद उद्दीपित करण्याचे तंत्र डिफ्यूजनसाठी फार उपयोगी आहे, कारण तिथे बराचसा वेळ छेदांची रांग पूर्ण होण्यात जातो. आठशे किंवा त्याहून अधिक बी-व्हॅल्यूचे (डिफ्यूजनची तीव्रता सांगणारा आकडा) डिफ्यूजन त्यामुळे बरेच लवकर संपते. डिफ्यूजनमध्ये वेळेपेक्षा हवेचा त्रास मोठा असतो: गुदाशयातल्या वायूशेजारी चित्र ताणले जाते आणि गाठीच्या जागीच खोटा पांढरा डाग दिसतो. तपासणीपूर्वी छोटा एनिमा दिला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि त्यासाठी कोणत्याही परवान्याचे शुल्क भरावे लागत नाही.

सध्या ज्याची सर्वाधिक जाहिरात आहे ते डीप लर्निंग रिकन्स्ट्रक्शन. जीईचे एअर रिकॉन डीएल, सीमेन्सचे डीप रिझॉल्व्ह, फिलिप्सचे स्मार्टस्पीड, कॅननचे एआयसीई, अशी नावे आपण ऐकली आहेत. कमी रेषा मोजून मिळालेल्या दाणेदार माहितीतून हजारो चित्रांवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क स्वच्छ चित्र उभे करते. श्रोणीच्या तपासण्यांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत टी-टूचा वेळ निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणून चित्राचा दर्जा टिकला, काही वेळा सुधारला, असे दिसले आहे. वर सांगितलेल्या हिशेबात, म्हणजे लहान ठोकळा आणि त्यामुळे लागणारा अतोनात वेळ या कोंडीत, खरीखुरी फट पाडणारे असे हे पहिलेच तंत्र आहे, आणि आपण ते घ्यावे असेच माझे मत आहे. चार ते सहा मिनिटांचा सिक्वेन्स दोन-अडीच मिनिटांत येत असेल, तर तीन मिलिमीटरचे छेद न घेण्याचे कारणच उरत नाही.

मात्र यातले बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आणि एकेका केंद्रातले आहेत, आणि त्यांत विचारलेला प्रश्न बहुधा ‘चित्र कसे दिसते’ असा आहे. चित्र छान दिसणे आणि एक मिलिमीटरचे अंतर बरोबर मोजले जाणे या दोन बाबी एक नव्हेत. नेटवर्क गाठ गायब करील अशी भीती मला वाटत नाही. गाठीपासून चरबीत जाणारे केसासारखे तंतू, भिंतीबाहेरच्या शिरेत घुसलेली बारीक जीभ, उपचारांनंतरच्या काळ्या व्रणात उरलेला करडा ठिपका, या गोष्टी मात्र गोंगाटाच्याच मापाच्या असतात, आणि गोंगाट पुसणारे यंत्र त्या कुठल्या बाजूला टाकील हे चित्र पाहून कळत नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या एका लेखाने दाखवले होते की अशा काही पद्धतींत मोजणीतल्या अगदी किरकोळ बदलानेही चित्रात नसलेल्या खुणा उमटू शकतात आणि असलेल्या बारीक रचना पुसल्या जाऊ शकतात. त्यात आपल्या रुग्णांची एक अडचण मिसळते. सातपुड्याच्या पायथ्याकडून, अक्कलकुवा-धडगावकडून येणारा हडकुळा रुग्ण डोळ्यांसमोर आणा: त्याच्या गुदाशयाभोवती चरबीच थोडी, त्यामुळे पडदा भिंतीला जवळजवळ टेकलेला, विशेषतः पुढच्या बाजूने. धडधाकट रुग्णात मोकळी जागा असते तिथे इथे ती जेमतेम असते. चूक पचवायला जागाच नाही. भारतीय रुग्णांत हा आजार कमी वयात आणि सिग्नेट रिंग या आक्रमक पेशी-प्रकारचा तुलनेने अधिक दिसतो, हेही देशातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांनी वारंवार नोंदवले आहे. परदेशातल्या चित्रांवर शिकलेले नेटवर्क इथेही तसेच वागते का, हे आपणच तपासायला हवे.

ही तपासणी अवघड नाही, आणि इथे मी अधिष्ठात्यांना थेट विनंती करतो. नवे तंत्र आल्यावर काही काळ प्रत्येक रुग्णाचा काटकोनातला आडवा टी-टू जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी काढावा. जादा जातील ती अडीच मिनिटे. दोन रेडिओलॉजिस्टांनी कोणते चित्र कोणत्या पद्धतीचे हे न कळता अंतर, शिरेतली घुसण आणि गाठीची पायरी स्वतंत्रपणे लिहावी. ज्यांचे थेट ऑपरेशन होईल त्यांच्या काढलेल्या भागाचे क्वर्क पद्धतीने आडवे छेद घेऊन पॅथॉलॉजी विभागाने ते अंतर मोजावे आणि ताडून पाहावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतातच. दरवर्षी थायरॉइडच्या गाठींवर आणखी एक प्रबंध होण्यापेक्षा हा विषय या भागाच्या उपयोगाचा आहे. ऑपरेशन मुंबईला झाले तरी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट रुग्णाबरोबर परत येतो. तो मागून घेण्याची सवय तेवढी लावावी लागेल.

वेगाची गरज सर्वांत जास्त कोणाला, हे तांत्रिक चर्चेत मागे पडते. हा रुग्ण स्थिर पडून राहू शकत नाही. गाठीमुळे त्याला दर थोड्या वेळाने शौचाला लागल्यासारखे वाटते, कळ येते, आणि कॉइल बांधलेल्या अवस्थेत चाळीस मिनिटे ती दाबून धरणे अशक्य होते. पहिले दोन सिक्वेन्स स्वच्छ आणि तिसऱ्यापासून हललेले, असा एमआरआय आपण सर्वांनी पाहिला आहे. म्हणून सिक्वेन्सचा क्रमही महत्त्वाचा आहे: उभा टी-टू झाला की लगेच काटकोनातला आडवा घ्यावा, तो शेवटी ठेवू नये. काचबिंदू, लघवी अडकणे किंवा हृदयाचे ठोके वाढण्याचा त्रास नसेल तर आतड्याची हालचाल मंदावणारे हायोसीनचे इंजेक्शन द्यावे. (एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास गेला की यंत्र थंड ठेवणारा चिलर दमतो आणि दुपारचे लांब स्कॅन मध्येच थांबतात, हा आपला स्थानिक अनुभव आहे, छोट्या तपासणीचा तोही एक फायदा.)

दुसरी गरज उपचारांनंतरची आहे, आणि ती झपाट्याने वाढणार आहे. रॅपिडो आणि प्रॉडिज-२३ या, रुग्णांवर उपचार पडताळणाऱ्या चाचण्यांनंतर पुढे गेलेल्या आजारात सगळी रेडिओथेरपी आणि केमोथेरपी ऑपरेशनच्या आधीच देण्याची पद्धत रुळली, म्हणजे प्रत्येक रुग्णाचा एमआरआय किमान दोनदा आला. साओ पावलोच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये त्याहून पुढची गोष्ट मांडली होती: उपचारांनी गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन न करता लक्ष ठेवता येते. ओप्रा या अमेरिकन चाचणीत, रेडिएशननंतर केमोथेरपी दिलेल्या गटातल्या ५३ टक्के रुग्णांचा गुदाशय तीन वर्षांनंतर वाचलेला होता. शौचाची कायमची पिशवी पोटावर घेऊन शेतमजुरी करावी लागणाऱ्या माणसाला हा पर्याय किती मोठा आहे हे मी सांगायला नको. पण त्याची अट कडक आहे: पहिली दोन-तीन वर्षे दर काही महिन्यांनी दुर्बीण आणि एमआरआय, न चुकता. धडगावचा रुग्ण त्यासाठी दर खेपेला मुंबई गाठू शकत नाही, आणि हे ठाऊक असल्यामुळे तिथले डॉक्टर त्याला बहुधा हा पर्याय देतच नाहीत. नंदुरबार किंवा धुळ्याला पंधरा-वीस मिनिटांत नेमका एमआरआय निघाला आणि चित्रे मुंबईच्या डॉक्टरांना संगणकावर पाहता आली, तर तो पर्याय त्याच्यापुरता खरा होतो. अशा पाठपुराव्यात एक पथ्य आहे. मधल्याच भेटीत रिकन्स्ट्रक्शनची पद्धत बदलू नये, कारण व्रणाचा काळेपणा आणि त्यातला करडा ठिपका यांची मागच्या चित्राशी तुलना हाच तर त्या तपासणीचा हेतू असतो. बदलणे भाग असेल तर त्या भेटीत दोन्ही पद्धतींनी काढावे आणि रिपोर्टात तसे लिहावे.

यंत्रांविषयी स्पष्ट लिहितो. दीड टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्र आणि चांगली फेज्ड अ‍ॅरे कॉइल या कामाला पुरेशी आहे. तीन टेस्ला नसल्यामुळे हे जमत नाही ही सबब टिकत नाही. मात्र ०.३ किंवा ०.४ टेस्लाच्या ओपन यंत्रावर गुदाशयाच्या कर्करोगाची पायरी ठरवू नये, रुग्ण कितीही ओळखीचा असला तरी. त्याला दुसऱ्या केंद्राकडे पाठवावे. सॉफ्टवेअर घेताना कंपनीला एक प्रश्न जरूर विचारावा: हे नेटवर्क मोजलेल्या मूळ माहितीवर काम करते, की तयार झालेल्या चित्रावर फक्त सफाईचा हात फिरवते? दुसऱ्या प्रकारात मोजलेल्या मूळ माहितीशी ताळा घेण्याची सोयच नसते. सार्वजनिक-खाजगी भागीदारीतल्या केंद्रांच्या निविदांत ‘दीड टेस्ला’ एवढेच लिहून भागणार नाही. गुदाशयाच्या कर्करोगासाठी तीन मिलिमीटरचा काटकोनातला टी-टू आणि डिफ्यूजन द्यावेच लागेल, आणि त्या तपासणीचा दर साध्या पेल्व्हिसपेक्षा वेगळा असेल, ही दोन वाक्ये त्यात यायला हवीत. दर वेगळा नसेल तर केंद्रचालकाला दोष देण्यात अर्थ नाही. शासकीय आरोग्य योजनेत उपचार बसतात, परंतु त्याआधी बाहेर काढलेल्या एमआरआयचे पैसे बहुतेक कुटुंबे खिशातून भरतात, आणि पहिला निरुपयोगी ठरला तर तेच पैसे पुन्हा भरतात.

रिपोर्टाबद्दल थोडक्यात. गुदद्वारापासून गाठीचे अंतर, तिची लांबी, स्नायूबाहेर किती मिलिमीटर गेली, पडद्यापासून किती दूर, शिरेत घुसली आहे का, गुदमार्गाच्या स्नायूंशी संबंध काय, आणि बाजूच्या भिंतीलगतच्या लसीकाग्रंथींचा आखूड व्यास किती, एवढे एका ठरीव तक्त्यात लिहिले तर पुढच्या रुग्णालयाला पुन्हा तपासणीचे कारण राहणार नाही. बाजूच्या ग्रंथींत सात मिलिमीटरचा आकडा २०१९ पासून महत्त्वाचा मानला जातो, आणि आपल्या रिपोर्टांत त्या ग्रंथींचा उल्लेखच बहुधा नसतो. कोणत्या वेगवर्धक तंत्राने चित्र काढले हेही त्याच तक्त्यात एका ओळीत यावे.

सर्जन मंडळींनीही तपासणीच्या चिठ्ठीवर फक्त ‘एमआरआय पेल्व्हिस’ असे लिहिणे थांबवावे. गाठ किती सेंटिमीटरवर आहे, पुढच्या भिंतीवर की मागच्या, आणि उपचार झालेले असल्यास कोणते व केव्हा संपले, हे लिहून दिले तर टेक्निशियनला कोन ठरवायला मदत होते. तिन्ही जिल्ह्यांतील केंद्रांनी एकच छोटा प्रोटोकॉल आणि एकच रिपोर्टचा तक्ता स्वीकारावा यासाठी मी दोन्हींचे कच्चे मसुदे तयार केले आहेत. आपल्या यंत्राचे मॉडेल आणि उपलब्ध कॉइल कळवल्यास त्या यंत्रावर बसतील अशा मोजमापांसह ते पाठवीन. त्यात बदल सुचवावेत, आणि शक्य झाल्यास पावसाळ्यापूर्वी जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि टेक्निशियन यांच्यासह एकत्र बसून ते पक्के करावेत, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
खान्देशातील एक रेडिओलॉजिस्ट